मंगळवासी रेडिओवर खरे का वाटले?

ऑक्टोबर संपत आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरू लागतो. १९३८ साली अमेरिकेत रेडिओवर मंगळावरून हल्ला झाल्याची 'बातमी' लागली आणि लाखो लोक घरदार सोडून पळत सुटले, असं त्यात असतं. कृत्रिम बुद्धिमत्तेने कोणाचाही आवाज हुबेहूब तयार करता येऊ लागल्यापासून हा मजकूर आणखी जोमाने फिरतो, आणि खाली 'म्हणून कानांवर विश्वास ठेवू नका' अशी पुस्ती असते.

त्या रात्री लागलं होतं ते नाटक. तसं ते सुरू होताना जाहीरही केलं होतं. लाखोंच्या पळापळीचा पुरावा फार कच्चा आहे. तरीही काही माणसं खरोखर घाबरली, हे नाकारता येत नाही. जाहीर केलेलं नाटक शहाण्यासुरत्या माणसांना खरं का वाटलं, हा प्रश्न त्यामुळे उरतोच. त्याचं उत्तर लोकांच्या भोळेपणात शोधण्याची सवय लागली आहे. खरं उत्तर नाटकाच्या बांधणीत आहे, आणि ती बांधणी पाऊल-पाऊल उलगडून दाखवता येते.

## मूळ गोष्ट काय होती?

एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी १८९७ मध्ये मासिकातून क्रमशः आली आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. लंडनजवळच्या सरे परगण्यात मंगळावरून एक नळकांडं येऊन पडतं. त्यातून निघालेले जीव तीन पायांच्या उंच यंत्रांत बसून उष्णकिरणाने आणि काळ्या विषारी धुराने सगळं उद्ध्वस्त करतात. तोफा त्यांच्यापुढे चालत नाहीत. शेवटी पृथ्वीवरचे साधे जिवाणू त्यांना मारतात, कारण त्यांच्या शरीरांना त्या जिवाणूंची सवय नसते.

कादंबरी एका माणसाच्या आठवणींच्या रूपात आहे. 'मी हे पाहिलं, मग मी पळालो, मग लपलो' असा तिचा सूर. घटना तीन-चार आठवडे चालतात. रेडिओवर हे जसंच्या तसं वाचलं तर ते कथाकथन होईल. आकाशवाणीवर नभोनाट्यं ऐकत वाढलेल्यांना माहीत आहे की ऐकण्याच्या नाटकात निवेदक जितका कमी बोलेल तितकं नाटक जिवंत होतं. मग निवेदकाची जागा कोणाला द्यायची?

सीबीएस या अमेरिकी नेटवर्कवर 'मर्क्युरी थिएटर ऑन द एअर' नावाचा साप्ताहिक कार्यक्रम होता. ऑर्सन वेल्स तो करत असे. तेव्हा त्याचं वय २३. (कादंबरीकार वेल्स आणि हा वेल्स यांचं नातं काही नाही, इंग्रजीत स्पेलिंगही वेगळं.) रविवार, ३० ऑक्टोबर १९३८ च्या भागासाठी संहिता हॉवर्ड कॉक याने लिहिली. निर्माता होता जॉन हाउसमन. त्यांनी निवेदकाची जागा बातमीदाराला दिली आणि गोष्ट इंग्लंडमधून उचलून त्या काळच्या न्यू जर्सीत आणून ठेवली. यान जिथे उतरतं ते ग्रोव्हर्स मिल हे गाव खरोखर आहे. कॉकने ते नकाशावर पेन्सिल टेकवून निवडलं होतं.

## पहिली चाळीस मिनिटं कशी रचली?

रात्री आठला कार्यक्रमाचं नाव, लेखकाचं नाव आणि संकेतधून होते. मग ऑर्सन वेल्सचं छोटं प्रास्ताविक. त्यात गोष्ट विसाव्या शतकाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी घडते असं सांगितलं आहे, म्हणजे ती त्या रात्रीची नाहीच. यानंतर मात्र नाटक स्वतःला पूर्ण लपवून घेतं.

आधी हवामानाचा अंदाज लागतो, मग एका हॉटेलातून नृत्यसंगीत. वाद्यवृंदाचं नाव काल्पनिक, हॉटेल काल्पनिक, पण धून 'ला कुम्पार्सिता' ही सगळ्यांच्या ओळखीची. बर्नार्ड हर्मन हा एरवी गंभीर संगीत देणारा माणूस इथे हॉटेलातल्या बँडसारखं वाजवून घेत होता. थोड्या वेळाने संगीत तोडून पहिली सूचना येते: शिकागोतल्या एका वेधशाळेला मंगळावर तप्त वायूचे स्फोट दिसले. पुन्हा संगीत. मग प्रिन्स्टनच्या वेधशाळेतून प्राध्यापक पिअरसन यांची मुलाखत. ही भूमिका खुद्द ऑर्सन वेल्सची. तो शांतपणे सांगतो की काळजीचं कारण नाही. मागे घड्याळाची टिकटिक ऐकू येते. पुन्हा संगीत, आणि मग शेतात काहीतरी जळतं पडल्याची बातमी.

या भागात घडत काहीच नाही. हाउसमनने पुढे लिहून ठेवलं आहे की वेल्सने हे रटाळ तुकडे मुद्दाम लांबवले, इतके की स्टुडिओतली माणसं अस्वस्थ झाली. नभोनाट्य करणाऱ्याला सगळ्यात अवघड जाणारी गोष्ट हीच. पहिल्याच मिनिटाला स्फोट करायचा मोह सुटत नाही. पण श्रोत्याला आधी नेहमीचा, जरा कंटाळवाणा रेडिओ ऐकू आला पाहिजे. तरच त्यात पडलेला खंड खरा वाटतो. नुसतं संगीत ऐकवलं असतं तर ते संगीतच राहिलं असतं. दोन सूचनांच्या मधे सापडल्यावर तेच संगीत 'आता पुढे काय सांगतील?' ही वाट पाहायला लावतं.

यानंतर बातमीदार कार्ल फिलिप्स शेतावर पोचतो. ही भूमिका फ्रँक रेडिकने केली. तयारीसाठी त्याने एक ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीतल्याच लेकहर्स्टला हिंडेनबुर्ग हे प्रचंड हवाई जहाज उतरता उतरता पेटलं, तेव्हा तिथे असलेल्या हर्बर्ट मॉरिसन या बातमीदाराचं ते वर्णन. सराईत निवेदकाचा आवाज कसा फाटतो, वाक्यं कुठे तुटतात, मधेच तो माफी कशी मागतो, हे सगळं रेडिकने तिथून घेतलं. म्हणून नळकांड्याचं झाकण फिरून उघडू लागतं तेव्हा फिलिप्स सुंदर वर्णन करत नाही. तो अडखळतो, चुकतो, 'थांबा' म्हणतो, जागा बदलतो. उष्णकिरण गर्दीवर येतो, तो पाहिलेलं सांगत राहतो, आणि वाक्याच्या मधेच आवाज बंद होतो.

मग काहीच नाही. काही सेकंद निव्वळ शांतता. प्रक्षेपणात शांतता म्हणजे बिघाड, हे त्या काळचा प्रत्येक श्रोता जाणत होता. वेल्सने इशाऱ्याने सगळ्यांना रोखून ती शांतता ताणून धरली. माझ्या मते संपूर्ण तासातला सर्वांत प्रभावी क्षण हाच, आणि त्यासाठी एकही ध्वनिपरिणाम लागला नाही. यानंतर निवेदक सांगतो की आमच्या हाताबाहेरच्या कारणांमुळे ग्रोव्हर्स मिलहून प्रक्षेपण चालू ठेवता येत नाही. पियानो वाजू लागतो. हे पियानोचे हळवे सूर आरडाओरड्यापेक्षा जास्त भीती घालतात, कारण नियंत्रण कक्षात कोणाला काय करावं सुचत नाहीये, हे ते सांगतात.

## घड्याळात गडबड होती, ती कोणाला कळली नाही?

होती, आणि मोठी होती. संहितेत जळती वस्तू पडल्याची वेळ रात्री ८:५० अशी सांगितली आहे. ती ओळ हवेत गेली तेव्हा खऱ्या घड्याळात सव्वाआठच्या आसपास वेळ होती. कोणी भिंतीकडे नजर टाकली असती तरी खोटं उघडं पडलं असतं. प्राध्यापक आणि फिलिप्स प्रिन्स्टनहून अकरा मैल दहा मिनिटांत आलो असं सांगतात. प्रत्यक्षात ती दहा मिनिटं म्हणजे संगीताचा एक छोटासा तुकडा. पुढे सात हजार सैनिक एका यंत्रावर चालून जातात आणि १२० वाचतात. सैन्य गोळा करणं, कूच, लढाई, पराभव, सगळं चार-सहा मिनिटांत.

हे का चालून गेलं? कारण वेळ एकदम आवळली नाही. पहिली बारा-पंधरा मिनिटं जवळजवळ खऱ्या गतीने जातात. कान त्या गतीला सरावला की मग पकड हळूहळू घट्ट होत जाते. प्रत्येक पुढचा तुकडा आधीच्यापेक्षा छोटा. ठिकाणंही भराभर बदलतात: लष्कराचा अधिकारी, तोफखान्याची तुकडी, बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक, शेवटी न्यूयॉर्कच्या इमारतीच्या गच्चीवर उभा निवेदक. रूपांतर करताना वेळेचा असा आराखडा आधी कागदावर मांडावाच लागतो. उलट केलं, म्हणजे सुरुवात घाईची आणि शेवट संथ, तर श्रोता दहाव्या मिनिटाला हिशोब करायला लागतो.

अधिकाराच्या आवाजाचाही असाच काटेकोर विचार होता. प्रक्षेपणाआधी नेटवर्कने संहितेतली बरीच खरी नावं बदलायला लावली. सरकारी खात्यांची, हॉटेलांची नावं किंचित फिरवली गेली. राष्ट्राध्यक्षाऐवजी गृहमंत्री बोलेल असं ठरलं. पण केनी डेलमार या नटाने त्या गृहमंत्र्याला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आवाजाच्या अगदी जवळचा आवाज दिला. कागदावर नियम पाळला गेला आणि कानाला जे पोचायचं ते पोचलं.

## आवाजाने अंतर कसं दाखवतात?

नभोनाट्याकडे चार साधनं असतात: बोलणं, ध्वनिपरिणाम, संगीत आणि शांतता. या नाटकाने आणखी एक वापरलं, ते म्हणजे प्रत्येक जागेचा वेगळा 'पोत'. स्टुडिओतला निवेदक माईकला लागून, कोरड्या खोलीत. वेधशाळा पोकळ, घुमणारी. शेतात बातमीदार जवळ आणि गर्दी दूर, इतकी की शब्द कळू नयेत.

त्या काळी रेडिओ नाटकांत रिबन माईक सर्रास वापरत. तो पुढून आणि मागून ऐकतो, डाव्या-उजव्या बाजूंनी जवळजवळ बहिरा असतो. नट समोरून कडेला सरकला की आवाज फक्त बारीक होत नाही, त्याचा ठोसपणाही जातो, आणि माणूस दूर गेल्यासारखा वाटतो. आज कॉम्प्युटरवर आवाजाची पट्टी खाली ओढून हे करू पाहतात आणि फसतात. नुसता आवाज कमी केला तर 'दूरचा माणूस' ऐकू येत नाही, 'हळू बोलणारा जवळचा माणूस' ऐकू येतो. दूरच्या आवाजात थेट ध्वनी कमी आणि भिंतींवरून परतलेला जास्त हवा. नटाने जोरात बोलायला हवं आणि माईकपासून खरोखर दोन-तीन मीटर मागे जायला हवं.

टेलिफोनवरून किंवा वायरलेसवरून येणारा आवाज हवा असेल तर त्यातला ३०० हर्ट्झच्या खालचा (खूप खर्जातला) आणि ३४०० हर्ट्झच्या वरचा (खूप टिपेचा) भाग कापायचा. जुन्या टेलिफोनची वहनकक्षा साधारण एवढीच होती आणि कान तिला लगेच ओळखतो. मात्र अख्खं नाटक असल्या आवाजात ठेवलं तर वीस मिनिटांत डोकं उठतं. गाळलेला आवाज एका वेळी अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या वर जाऊ देऊ नये.

सीबीएसच्या ध्वनिपरिणाम विभागाची सूत्रं ओरा निकोल्स या बाईंकडे होती. रेडिओच्या त्या काळात या कामात बाई असणं दुर्मीळच. गर्दी, तोफा, बंदरातल्या जहाजांचे भोंगे हे सगळं थेट प्रक्षेपणात, नट बोलत असताना वाजवायचं होतं. एक चूक झाली की ती देशभर गेली. एक तालीम गुरुवारी तबकडीवर मुद्रित करून ऐकली, तेव्हा सगळ्यांना ती फिकी वाटली होती. पुढच्या दोन दिवसांत संहितेत खऱ्या वाटणाऱ्या तपशिलांची भर घातली गेली आणि ध्वनीची स्वतंत्र तालीम झाली.

## 'पण सुरुवातीला सांगितलं होतं ना?'

सांगितलं होतं. पण रेडिओ सगळेच सुरुवातीपासून ऐकत नाहीत. कीर्तनाला उशिरा आलेला माणूस मंडपाबाहेर उभा असतो, पूर्वरंग त्याने ऐकलेला नसतो, आणि आतून बुवांच्या तोंडचा आईचा आक्रोश कानावर येतो. आत बसलेल्यांना तो आख्यानातला प्रसंग असतो. बाहेरच्याला क्षणभर वाटतं, कोणाचं काय झालं? फरक इतकाच की मंडपात डोकावता येतं, रेडिओत नाही.

त्याच वेळी एनबीसी या दुसऱ्या नेटवर्कवर एडगर बर्गन या बोलक्या बाहुलीवाल्याचा तुफान लोकप्रिय कार्यक्रम असे. तिथे मधेच गाणं लागलं की लोक बटण फिरवून इतरत्र काय चाललंय ते पाहत. अशा फिरत्या श्रोत्याला इथे थेट बातमीपत्रच लागलं. शिवाय मर्क्युरीच्या कार्यक्रमाला तेव्हा जाहिरातदार नव्हता, त्यामुळे साबण-कॉफीच्या जाहिरातीने मधे भानावर आणायची सोयही नव्हती. 'तुम्ही नाटक ऐकत आहात' ही मधली घोषणा एरवी अर्ध्या तासाच्या सुमारास येत असे. त्या रात्री ती सुमारे चाळीस मिनिटांनी आली, न्यूयॉर्क पडून गेल्यावर.

घोषणेनंतरची वीस मिनिटं अगदी वेगळी आहेत. तिथे बातमीपत्र नाही, उरलेल्या एकट्या प्राध्यापकाचं कथन आहे. ही तडजोड अटळ होती. बातमीपत्राच्या साच्यात रेडिओच नष्ट झाला तर पुढे बोलणार कोण? गच्चीवरचा निवेदक कोसळतो, एक हौशी वायरलेसवाला 'कोणी आहे का?' असं विचारत राहतो, आणि साचा तिथेच संपतो. ज्यांनी शेवटपर्यंत ऐकलं त्यांना एकाच माणसाच्या तोंडून कित्येक दिवसांची गोष्ट ऐकू आली, म्हणजे खुलासा आपोआप झाला. जे आधीच उठून शेजारी गेले किंवा फोनला चिकटले, त्यांना तो मिळाला नाही.

आणखी एक गोष्ट त्या दिवसांची. सप्टेंबर १९३८ मध्ये युरोपात म्युनिकचं संकट (हिटलरच्या मागण्यांवरून युद्ध पेटण्याची धास्ती) चाललं होतं, आणि संगीत तोडून युद्धाच्या ताज्या सूचना देणं अमेरिकी रेडिओने नुकतंच अंगवळणी पाडलं होतं. नाटकाने नेमका तोच साचा उचलला. घाबरलेल्यांपैकी काहींनी मंगळ हा शब्द धड ऐकलाच नव्हता. त्यांना जर्मनांनी हल्ला केला असं वाटलं.

## लाखो लोक खरंच पळाले का?

दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर रेडिओ श्रोत्यांत घबराट पसरल्याचा मथळा होता. पुढे प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी १९४० मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा हिशोब असा: ६० लाख लोकांनी ऐकलं, त्यांतल्या १७ लाखांना ते बातमीपत्र वाटलं, आणि १२ लाख घाबरले किंवा अस्वस्थ झाले. आजही हेच आकडे फिरतात.

पण त्याच रात्री हूपर या श्रोतेमोजणी संस्थेने सुमारे ५००० घरांना फोन केले होते. त्यांतल्या जेमतेम २ टक्क्यांनी हा कार्यक्रम लावला होता, आणि आपण 'बातम्या' ऐकतोय असं कोणीच सांगितलं नाही. कँट्रिल यांचे ६० लाख ज्या पाहणीतून आले ती साधारण सहा आठवड्यांनी झाली. तोवर वर्तमानपत्रांनी प्रकरण एवढं गाजवलं होतं की 'मीही ऐकलं' म्हणणारे वाढणारच. त्यांनी १३५ लोकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या, पण त्यांतले बहुतेक घाबरलेले होते म्हणूनच निवडले होते. माणसं कशी घाबरतात हे समजायला अशी निवड उपयोगी आहे. किती घाबरली हे त्यावरून मोजता येत नाही. 'घाबरले किंवा अस्वस्थ झाले' यात दचकलेला माणूसही येतो आणि गाडी काढून पळालेलाही, हेही विसरू नये.

फोन वाजले, पोलीस ठाण्यांत चौकश्या झाल्या, काही घरं रिकामी झाली. वॉशिंग्टन राज्यातल्या काँक्रीट नावाच्या छोट्या गावात तर ऐन नाटकाच्या वेळी वीज गेली आणि तिथली घबराट खरी होती. पण मृत्यू सिद्ध झालेला नाही. सरकारी दळणवळण आयोगाने चौकशी केली, शिक्षा केली नाही. नाटकांत बनावट बातमीपत्राची अशी युक्ती पुन्हा वापरणार नाही, असं सीबीएसने कबूल केलं. जाहिरातींचा पैसा रेडिओकडे वळत असल्याने वर्तमानपत्रांना हे माध्यम बेजबाबदार ठरवायची संधी हवीच होती, असं आजचे अभ्यासक म्हणतात, आणि ते मला पटतं. गंमत म्हणजे गाजावाजामुळे कार्यक्रमाला कॅम्पबेल हा सूपवाला जाहिरातदार मिळाला.

ही युक्ती पहिलीही नव्हती. १६ जानेवारी १९२६ रोजी बीबीसीवर रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने लंडनमधल्या दंगलीचं विनोदी बनावट वार्तांकन केलं होतं. त्यात बिग बेन पाडलं जातं. बर्फामुळे ग्रामीण भागात वर्तमानपत्रं वेळेवर पोचली नाहीत, आणि खातरजमा करता न आलेले लोक धास्तावले.

## मग कीटोमध्ये माणसं का मेली?

एक्वादोरची राजधानी कीटो इथे १२ फेब्रुवारी १९४९ च्या रात्री रेडिओ कीटोने हेच नाटक स्थानिक करून सादर केलं. चालू संगीत तोडून शहराजवळच्या कोतोकोल्याओवर हल्ला झाल्याचं सांगितलं गेलं. मंत्री आणि अधिकाऱ्यांचे आवाज काढले गेले. लोक रस्त्यावर आले. मग केंद्राने हे नाटक असल्याचं सांगितलं, आणि भीतीचा राग झाला. जमावाने रेडिओ कीटोची इमारत पेटवली. ती 'एल कोमेर्सियो' या दैनिकाचीही होती, त्यामुळे आत कागद आणि शाई भरपूर. किमान सहा जण मेले. कलादिग्दर्शक लिओनार्दो पाएस पुढे व्हेनेझुएलाला गेला.

इथे माणसं मंगळवासीयांच्या भीतीने मेली नाहीत. फसवल्याचं कळल्यावर पेटलेल्या रागाने त्यांचा जीव घेतला. खुलासा मधेच, एकदम आणि घबराट शिगेला असताना आला तर तो फसवणुकीची कबुली ठरतो. न्यूयॉर्कच्या नाटकात खुलासा गोष्टीतूनच उलगडत गेला होता आणि शेवटी वेल्सने स्वतःच्या आवाजात हा हॅलोवीनचा खेळ असल्याचं सांगितलं. हा फरक संहिता लिहितानाच ठरतो.

## बातमीपत्राची युक्ती न वापरता हे नाटक होतं का?

होतं. १९५५ मध्ये लक्स रेडिओ थिएटर या अमेरिकी कार्यक्रमाने याच कादंबरीवरच्या १९५३ च्या चित्रपटावरून सरळ संवादी नाटक केलं. पात्रं, प्रेमकथा, प्रसंग सगळं आहे, पण ते कोणाला खरं वाटण्याचा प्रश्न नव्हता. उलट टोकाला १९६८ चं अमेरिकेतल्या बफेलो शहरातलं प्रक्षेपण. डब्ल्यूकेबीडब्ल्यू हे तरुणांची गाणी लावणारं केंद्र. त्यांनी आपलीच नेहमीची गाणी चालू ठेवून मधे बातम्या घातल्या आणि ग्रँड आयलंड या जवळच्या बेटावर यान उतरवलं. लिहून दिलेले संवाद वाचताना खरे बातमीदार कृत्रिम वाटत होते. म्हणून शेवटी त्यांना फक्त घटनांची रूपरेषा दिली आणि रोजच्यासारखं आपल्या शब्दांत बोलायला सांगितलं. आधी बरेच दिवस जाहिरात करूनही केंद्रात फोन आलेच.

## आज मराठीत करायचं ठरवलं तर?

प्रत्येक प्रसंगात माईक कोणाच्या हातात आहे आणि त्याचा आवाज श्रोत्यापर्यंत कोणत्या मार्गाने येतोय, हे आधी लिहून काढावं. याचं उत्तर नसलेला प्रसंग गाळावा. संवाद मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांचे धरले, आणि शांतता-संगीत वजा केलं, तर अर्ध्या तासाला अडीच ते तीन हजार शब्द पुरतात. गर्दीसाठी सहा-आठ जण घेऊन तीन वेगवेगळी मुद्रणं करावीत आणि एकमेकांवर चढवावीत. तेच दहा सेकंद फिरवत राहिलं तर विशिष्ट खोकला किंवा शिट्टी परत परत येते आणि कान पकडतोच. बातमीदाराच्या भूमिकेला पाठ केलेली वाक्यं देऊ नयेत, मुद्दे द्यावेत.

सूचना सुरुवातीला, प्रत्येक मध्यंतरात आणि शेवटी द्यावी. पण आता उशिरा येणारा श्रोता बदलला आहे. त्याच्या हाती नाटकातला चाळीस सेकंदांचा कापलेला तुकडा येतो, ज्याला मागेपुढे काहीच नसतं. म्हणून खोटेपणाची खूण प्रत्येक बातमीच्या आतच हवी: काल्पनिक वाहिनीचं नाव, काल्पनिक गाव, भविष्यातलं साल. खऱ्या जिल्हाधिकाऱ्याचं किंवा मंत्र्याचं नाव, आवाज वापरू नये. २०२३ मध्ये देशभर मोबाइलवर ज्याची चाचणी झाली तो आपत्कालीन इशाऱ्याचा कर्कश आवाजही वापरू नये.

कायद्याचा भागही आहे. भारतात खासगी एफएम केंद्रांना स्वतःची बातमीपत्रं देता येत नाहीत, आकाशवाणीची जशीच्या तशी लावता येतात. त्यामुळे तिथे बातमीपत्राच्या रूपातलं नाटक करण्याआधी सल्ला घ्यावाच. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीबद्दल खोटा इशारा देऊन घबराट पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ लोकांत भीती निर्माण करणाऱ्या खोट्या विधानांसाठी आहे.

राहिले हक्क. कादंबरीकार वेल्स १९४६ मध्ये वारले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, तेव्हा १ जानेवारी २००७ पासून कादंबरी आपल्याकडे मुक्त आहे आणि तिचं रूपांतर कोणालाही करता येतं. १९३८ च्या संहितेचं तसं नाही. हॉवर्ड कॉक १९९५ मध्ये वारला, त्यामुळे ग्रोव्हर्स मिल, कार्ल फिलिप्स किंवा त्या संहितेतले संवाद उचलून भाषांतर करता येणार नाही. मूळ कादंबरी उघडायची आणि आपलं गाव, आपला बातमीदार स्वतः रचायचा.